अधिक जाणून घ्या

“हा लाल चौकोन काढायचा,” संज्योत मॅडम माझ्या स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाल्या. “आणि ते ‘ताबडतोब’सुद्धा.”

“मॅडम, त्यात धोक्याची लक्षणं आहेत. ऑपरेशननंतरची.”

“असू देत ना. पुसून टाक असं कुठे म्हणतेय मी? जागा बदल. पुस्तिकेत बघ, पान एकेचाळीस.”

पान एकेचाळीस मला पाठ होतं. ‘लाल रंग वापरू नये. लाल रंग रक्त आणि भीती सुचवतो. आपली संस्था उजेड सुचवते.’

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका मोठ्या नेत्र रुग्णालयात वेबसाइटचं काम बघायला लागून मला सात महिने झाले होते. रुग्णालय एका ट्रस्टचं. नाव सांगत नाही, कारण तिथे आजही चांगलं काम चालतं, आणि मी सांगतेय त्यात तिथल्या डॉक्टरांच्या हाताचा काही दोष नव्हता. त्या वर्षी रुग्णालयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ट्रस्टनं मुंबईच्या एका एजन्सीकडून नवं बोधचिन्ह करून घेतलं. बोधचिन्हाबरोबर चौऱ्याऐंशी पानांची एक पुस्तिका आली. दारावरच्या पाटीपासून नर्सच्या एप्रनपर्यंत सगळं कसं दिसलं पाहिजे, त्याचे नियम. दोनच रंग, मोरपंखी आणि धुक्यासारखा राखाडी. अक्षर बारीक, सडपातळ. पानाचा चाळीस टक्के भाग मोकळा. एका पानावर उघड दिसणारे शब्द साठच्या आत, उरलेला मजकूर ‘अधिक जाणून घ्या’ या बटणाच्या मागे. ‘नका’, ‘नये’, ‘धोका’ असले शब्द शक्यतो टाळायचे.

आमच्या वेबसाइटची एकशे बारा पानं होती. प्रत्येक पान या पुस्तिकेत बसवायचं, हे माझं काम. झालेलं पान एजन्सीकडे जायचं आणि तिकडून शंभरपैकी गुण यायचे. पंच्याण्णवच्या खाली आलं की पान परत.

‘मोतीबिंदूनंतर घ्यायची काळजी’ या पानाला पहिल्या खेपेला अठ्ठावन्न मिळाले होते.

“पेशंट आधीच घाबरलेला असतो, त्रिशला,” संज्योत मॅडम म्हणाल्या. “त्याला धीर द्यायचा की आणखी भीती घालायची?”

त्या पुण्याहून आलेल्या, संस्थेच्या कम्युनिकेशनच्या प्रमुख. वाईट बाई नव्हत्या. मला जे काही नीट काम येतं त्यातलं निम्मं त्यांनीच शिकवलंय. त्यांना त्या पुस्तिकेबद्दल मनापासून वाटायचं. आपल्याकडे प्रत्येक खात्याचा कागद वेगळा, प्रत्येक पाटीचं अक्षर वेगळं, हा गबाळेपणा आहे, असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

मी लाल चौकोन काढला. ‘दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, चिकट पाणी आलं किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी या’ हा मजकूर आणि त्याखालचा फोन नंबर बटणाच्या मागे नेला आणि राखाडी केला. वर एका हसऱ्या आजीचा फोटो टाकला. फोटोखाली पाच-सहा ओळी होत्या. त्यातली एक मी स्वतः लिहिली आणि मला ती फार आवडली होती. ‘हलकी टोचणी आणि थोडं पाणी येणं हे डोळा बरा होत असल्याचं लक्षण आहे.’

पानाला सत्त्याण्णव मिळाले. विश्वस्तांच्या बैठकीत ते पडद्यावर दाखवलं. रुग्णालयाचे संस्थापक डॉ. मगदूम यांनी मला मुद्दाम बोलावून पाठीवर हात ठेवला. “चौगुले गुरुजींची मुलगी ना तू? शाब्बास.”

अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शिक्षक. त्यांचे दोन्ही डोळे मगदूम डॉक्टरांनी केलेले. मी पुण्यात नोकरी शोधत होते तेव्हा अण्णा स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि माझ्यासाठी शब्द टाकून आले. आयुष्यात त्यांनी कुणापुढे शब्द टाकला असेल तो तेवढाच. नोकरीवर घेताना तीन वर्षांचं बाँड लिहून घेतलं आणि माझी मूळ प्रमाणपत्रं, दहावीपासून डिप्लोमापर्यंत सगळी, ऑफिसच्या लोखंडी कपाटात गेली. “सगळ्यांचीच असतात इथे,” कारकून म्हणाला. मीही फार विचार केला नाही. घर जवळ, काम आवडीचं, अण्णा खूश. मला कुठे जायचं होतं?

नवं पान सुरू झालं आणि त्याच आठवड्यात गुलाबी कागद बंद झाला. आधी घरी सोडताना प्रत्येक पेशंटला तो कागद मिळायचा, त्यावरही हाच लाल चौकोन असायचा. तो पुस्तिकेत बसत नव्हता. आता पेशंटच्या किंवा घरच्यांच्या फोनवर मेसेज जायचा, त्यात आमच्या पानाची लिंक.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉर्डातल्या सिस्टर मार्था सातपुते माझ्या टेबलापाशी आल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, आवाजानं अख्खा मजला हलवणाऱ्या.

“त्रिशला, हे तू केलंस?” त्यांनी फोन पुढे धरला.

“हो. छान झालंय ना?”

“छान झालंय. कुठं दाबायचं ते दाखव.”

मी बटण दाखवलं. खालचा मजकूर उघडला. सिस्टरनी फोन लांब धरला, मग जवळ, मग खिडकीकडे वळवला.

“दुखणं... पुढं काय? पंचवीस वर्षं मी हेच सांगत आलेय म्हणून अंदाजानं वाचतेय बघ. कालच पट्टी काढलेल्या बाईला मी हे वाच म्हणून सांगू?”

“घरचे वाचतील ना सिस्टर.”

“घरचे,” त्या म्हणाल्या आणि फोन खिशात टाकून गेल्या.

मला ते लागलं. दुपारी मी मॅडमच्या काचेच्या केबिनमध्ये गेले. राखाडी थोडा गडद करूया का, विचारलं. त्यांनी लगेच एजन्सीला फोन लावला, स्पीकरवर. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “एका पानासाठी छटा बदलली की एकशे बारा पानांसाठी बदलावी लागेल. मग ओळख कसली राहिली?”

“मग निदान फोन नंबर तरी वर घेऊ?” मी विचारलं.

मॅडमनी स्क्रीनवर नजर टाकली. “वर साठ शब्द झालेत.”

“नंबर म्हणजे एकच शब्द आहे, मॅडम.”

“एकसष्ट होतील.” त्या हसल्या. त्यांनाही ते थोडं हास्यास्पद वाटलं असावं. मग मऊ आवाजात म्हणाल्या, “तुझं कन्फर्मेशन जवळ आलंय ना? आत्ता हे उकरून काढू नकोस. सहा महिन्यांनी आढावा आहेच, तेव्हा बोलू.”

मी बाहेर आले. माझी जागा केबिनच्या समोरच होती. काचेतून त्या मला दिसायच्या, मी त्यांना. त्या दिवशी मी खूप वेळ नुसती स्क्रीनकडे बघत बसले. पान सुंदर होतं. एवढं सुंदर पान मी त्याआधी केलं नव्हतं.

तीन महिने गेले.

कवठवाडी नावाच्या खेड्यातल्या हौसाबाई माळी यांचं सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी पट्टी काढून तपासलं, सगळं ठीक होतं, आठवड्यानं या म्हणून सांगून त्यांना सोडलं. गुरुवारी डोळा ठणकायला लागला. त्या रविवारी आल्या. आत संसर्ग पसरला होता. मगदूम डॉक्टरांनी स्वतः पुन्हा ऑपरेशन केलं, पण डोळा गेला.

“शुक्रवारी आली असती तरी वाचवला असता,” असं ते ऑपरेशन थिएटरच्या दारात म्हणाल्याचं सिस्टरनी मला सांगितलं.

हौसाबाईंच्या मुलानं, संपतनं, लेखी तक्रार दिली. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, असं त्यात होतं. पुढच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी संज्योत मॅडमनी मला बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

“वाच आणि सही कर. वेबसाइट तू बघतेस, म्हणून तुझीच लागेल.”

एकच वाक्य होतं. ‘सदर पानावर शस्त्रक्रियेनंतरच्या धोक्याच्या लक्षणांची संपूर्ण माहिती मराठीत पहिल्यापासून उपलब्ध होती व आहे.’

मी ते तीनदा वाचलं. खोटा असा एकही शब्द सापडेना.

“मॅडम, पण ती दिसत—”

“उपलब्ध होती की नव्हती?”

“होती.”

“मग? तुला खोटं लिहायला सांगतेय का मी?” त्यांनी पेन दिलं. “अकरा वाजता ती माणसं येणार आहेत. तुलाही बसायचंय.”

मी सही केली.

डॉक्टरांच्या खोलीत मला दाराजवळची खुर्ची मिळाली. हौसाबाईंच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. शेजारी संपत, तिशीचा, टेम्पो चालवणारा, रागानं ताठ झालेला. त्यांच्या मागे डोक्यावर पदर घेतलेली एक मुलगी उभी होती. बसायला सांगितलं तरी बसली नाही. ती संपतची बायको, दीपाली. बावीस-तेवीसची असेल.

मॅडमनी माझा कागद वाचून दाखवला. मग फोनवर पान उघडून डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, पुन्हा चष्मा खाली घेतला.

“तुम्हीच वाचा हो,” ते म्हणाले आणि फोन मॅडमकडे परत दिला.

मॅडमनी स्पष्ट, खणखणीत आवाजात, पाठ म्हटल्यासारखं वाचलं. दुखणं वाढलं, डोळा लाल झाला, चिकट पाणी आलं, त्याच दिवशी या.

“म्हणजे लिहिलेलं होतं,” डॉक्टर म्हणाले.

“कुठं लिवलंय? दावा,” संपत म्हणाला. मॅडमनी फोन त्याच्यापुढे धरून बटणावर बोट ठेवलं. खालचा मजकूर उघडला. तो काही वाचत बसला नाही. उघडलं, एवढंच त्यानं बघितलं आणि मागे वळला.

“तुझ्या फोनवर आलतं न्हवं हे?”

“आलं होतं,” दीपाली म्हणाली. “वाचलं होतं मी. टोचलं, पाणी आलं तर डोळा बरा होतोय, असं होतं त्यात.”

“आणि हे?”

ती मॅडमच्या हातातल्या फोनकडे बघत राहिली.

“बारावी झालीयास की! आमच्या घरात तू एकटीच शिकलेली, म्हणून आईचं समदं तुझ्या हवाली केलं!”

हौसाबाई समोरच्या भिंतीकडे बघत बोलल्या, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं. “तीन दिस मी म्हणत हुते, पोरी, डोळा ठणकतोय. ही म्हणायची, आत्ती, फोनमधी लिवलंय, बरं व्हायचं लक्षण हाय ते.”

माझं वाक्य होतं ते. मी लिहिलेलं. दार माझ्यापासून हातभर अंतरावर होतं, पण उठून जाणं आणि उठून बोलणं ही दोन्ही कामं मला सारखीच अशक्य वाटत होती. डॉक्टरांच्या मागे भिंतीवर नवं बोधचिन्ह होतं. त्यांच्यापुढे टेबलावर माझी सही. आणि घरी अण्णा.

“त्रिशला,” डॉक्टरांनी विचारलं, “ही माहिती पहिल्यापासून होती ना तिथे?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीपालीही. मी कोण, हे तिला तेव्हाच कळलं असावं.

“हो सर,” मी म्हणाले. “होती.”

संपतनं तक्रारीच्या पोचपावतीची घडी केली, आईला हाताला धरून उठवलं. दीपाली पुढे झाली तर त्यानं तिचा हात झटकला. ती त्यांच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून गेली.

आठवडा गेला. माझं कन्फर्मेशनचं पत्र आलं. अण्णांनी ते देवापुढे ठेवलं.

शनिवारी सिस्टर मार्था जिन्यात भेटल्या. त्यांच्या वॉर्डातली एक आया कवठवाडीची होती.

“ती पोरगी, सून. कळलं का तुला?”

“काय?”

“माहेरी धाडली. सासूचा डोळा घालवला म्हणून.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता त्या काहीतरी म्हणतील, तूच केलंस, मी तुला सांगितलं होतं. माझ्या खांद्यावरून ओढणी घसरली होती, ती नीट करून त्या वर गेल्या.

त्या दिवशी घरी जाण्याआधी मी जुन्या पानाचं एक प्रिंट काढलं, लाल चौकोनासकट. जुना एक गुलाबी कागद माझ्या खणात होता, तोही घेतला. अण्णांना सांगितलं, मैत्रिणीकडे जातेय. रविवारी सकाळच्या एसटीनं कवठवाडीला गेले.

हौसाबाई घराच्या पुढच्या सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, बस म्हणाल्या नाहीत. संपत आतून आला, खांद्यावर टॉवेल.

“आता काय ऱ्हायलंय?”

मी खाली जमिनीवरच बसले. गुलाबी कागद आणि प्रिंट शेजारी शेजारी ठेवलं, आणि फोनवर आमचं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं.

“आधी हे असं होतं. लाल चौकटीत, मोठ्या अक्षरात, खाली फोन नंबर. हा कागदसुद्धा प्रत्येकाला मिळायचा. मग बंद झाला. आणि ही लाल चौकट काढली.”

“कुणी?”

“मी.”

“का?”

किती वेळा मी मनात तयारी करून आले होते. पुस्तिका, एजन्सी, गुण, साठ शब्द. त्या सोप्यात बसून त्यातलं एकही कारण मला तोंडातून काढता येईना.

“नव्या नियमात बसत नव्हती,” मी म्हणाले. “मला सांगितलं होतं काढायला. पण काढली मी. आणि ते टोचणीचं वाक्य, तुमच्या सूनबाईंनी वाचलं ते, मी लिहिलंय.”

संपतनं फोन हातात घेतला. या वेळी त्यानं खरोखर वाचायचा प्रयत्न केला. अंगणाच्या उजेडात धरला, मग हाताची सावली केली, मग आत अंधाऱ्या खोलीत जाऊन बघून आला.

“काय दिसत न्हाई की ह्यात,” तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. “असंच असतंय का हे? सगळ्यांच्या फोनवर?”

“असंच.”

तो उंबऱ्यावर बसला. टॉवेल हातात पिळत राहिला.

हौसाबाईंनी शेंगा फोडायचं थांबवलं. चांगला डोळा माझ्यावर रोखून म्हणाल्या, “त्या दिवशी तू तिथंच बसली हुतीस न्हवं? दाराशी?”

“हो.”

“आणि बोलली न्हाईस.”

“नाही.”

त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“हे लिहून द्या,” संपत म्हणाला. “आत्ता बोलला तसं. सहीनं.”

मला माहीत होतं तो हे म्हणणार. एसटीत बसल्यापासून मी त्याचीच वाट बघत होते, आणि तो म्हणू नये असंही मनात होतं. लोखंडी कपाट डोळ्यांपुढे आलं. देवापुढचं पत्र आलं. त्यानं दीपालीची एक जुनी वही आणून दिली. मागची कोरी पानं होती. मी दीड पान लिहिलं. काय होतं, काय बदललं, कधी, आणि हे अक्षर उन्हात किंवा साध्या नजरेला वाचता येत नाही हे मला सिस्टरनी आधीच सांगितलं होतं, तेही. खाली सही केली. त्याचा फोटो काढून घेतला.

सोमवारी सकाळी मी तो फोटो छापून मगदूम डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला, मग खुर्चीत बसले.

“गुरुजींना सांगितलंस?”

“नाही सर.”

“हं.” त्यांनी कागद टेबलावर सपाट केला. “त्या दिवशी मलाही ते वाचता आलं नाही. डोळ्यांचा डॉक्टर मी. लाज वाटली म्हणून बोललो नाही.” मग म्हणाले, “पण आता हे बाहेर गेलंय. मला ट्रस्टला उत्तर द्यावं लागेल, आणि तुला मी वाचवू शकणार नाही.”

“मला कळतंय सर.”

संध्याकाळी मी राजीनामा दिला, म्हणजे माझ्याकडून घेतला गेला. बाँड मोडलं म्हणून प्रमाणपत्रं अडकली. ती सुटायला चौदा महिने आणि एका वकिलाच्या तीन नोटिसा लागल्या. तोवर मी गल्लीतल्या मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते. अण्णा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं, मधे एकदाही न अडवता ऐकलं, आणि म्हणाले, “डॉक्टरांना भेटून येतो.” भेटून आल्यावर मात्र काय बोलणं झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

ट्रस्टनं अखेर हौसाबाईंना लेखी दिलगिरी दिली. गुलाबी कागद पुन्हा सुरू झाला. वेबसाइटवर ती सूचना सगळ्यात वर आली, ठळक, मोठ्या अक्षरात, फोन नंबरसकट. रंग मोरपंखी. लाल शेवटपर्यंत आला नाही. संज्योत मॅडम वर्षभरानं पुण्याला परत गेल्या. जाताना त्यांनी मला एक मेसेज केला होता, ‘मला वाटलं होतं मी बरोबर आहे.’ मी उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी पाठवलंच नाही.

दीपालीही पुढे सासरी परत आली. पण त्याला आठ महिने लागले, आणि न्यायला हौसाबाई स्वतः गेल्या, एकट्या, एसटीनं. मला सांगायची आहे ती भेट त्याच्या बरीच आधीची. कागद लिहून दिल्यावर दोन महिन्यांनी हौसाबाईंचा मला फोन आला. संपत दोनदा न्यायला गेला होता, ती येत नव्हती. “तू सांगून बघ,” त्या म्हणाल्या. “तुझं ऐकंल.”

माझं का ऐकेल, हे मला कळलं नाही, पण गेले.

दीपालीच्या भावाचं घर जतच्या बाजूला, दोन खोल्यांचं. ती दारातच शिलाई मशीनवर बसली होती. मला बघून मशीन थांबवलं.

“तुम्ही दाराजवळच्या खुर्चीत होता.”

“हो.”

“आत्तीनं पाठवलं?”

“तू परत यावंस म्हणतात. सगळ्यांना कळलंय आता, तुझी चूक नव्हती.”

“कळलंय की. ह्यांनी तुमचा कागद मला वाचून दाखवला. इथंच, अंगणात उभं राहून. म्हणाले, चल, आता लेखी मिळालंय.” तिनं सुईतून निसटलेला दोरा जिभेला लावला आणि पुन्हा ओवला. “लेखी मिळालं म्हणून घरात घेणार. उद्या आणि काही झालं तर मी आणि एक कागद कुठनं आणू?”

मग तिनंच विचारलं, “तुम्ही नोकरी सोडली म्हणं?”

“हो.”

“वाईट झालं,” ती म्हणाली, आणि ते तिला खरंच वाटत होतं. मग मशीनवरच्या कापडाकडे बघत म्हणाली, “ताई, मी ते दाबलं होतं.”

“काय?”

“ते बटण. अधिक जाणून घ्या. आत्ती पहिल्यांदा ठणकतंय म्हणाल्या, त्याच दिवशी दाबलं होतं. आत पुसट पुसट काहीतरी होतं. मोठं करून बघितलं तर अक्षरं बाजूला सरकायची. मग म्हटलं, महत्त्वाचं असतं तर त्यांनी मोठं लिहिलं असतं की.”

मी दाराच्या चौकटीला टेकले.

“मग त्या दिवशी का सांगितलं नाहीस? डॉक्टरांसमोर? तिथेच सगळं—”

“सांगणार होते,” ती म्हणाली. “तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, होती. मॅडमनी तर घडाघडा वाचून दाखवलं. तुम्ही सगळी शिकलेली माणसं. मला वाटलं, सगळ्यांना दिसतंय, मला एकटीलाच वाचता येत नाही.”

तिनं मशीनचं पेडल दाबलं. शिवण सरळ पुढे निघाली. मी तिथे उभी राहून तिचे हात बघत राहिले, आणि परत चल असं तिला म्हणायचं माझ्या जिभेवर आलं नाही.